बासष्ट अंश

आदेलीनु, तुझी अक्कल गुडघ्यात आहे,
असं मी लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच म्हटलं होतं.
मागल्या महिन्यात डॉक्टरांनी तो गुडघाच काढला.
जुना कुठे टाकतात, हे विचारायचं राहून गेलं.

पाय उशीवर. उशी टाचेखाली,
गुडघ्याखाली नाही, योलांडाने दोनदा बजावलंय.
एकतीस टाके, धातूचे, थोडे तिरके.
"कुणा शिकाऊ पोराचं काम," तू म्हणालास
आणि भूल उतरल्यावर पहिल्यांदा हसलास.

एक्केचाळीस वर्षं तू लिस्बनच्या पदपथांवर दगड मांडलेस.
पांढरी चुनखडी, काळा बसाल्ट,
डाव्या तळव्यात घेऊन एक टोला,
आणि दगड चौकोनी.
माणसं हरली की गुडघे टेकतात.
तू सकाळी आठला टेकायचास,
आणि संध्याकाळी कण्हत उठायचास तेव्हा
मागे जमिनीवर एखादी लाट असायची, एखादं गलबत.
त्यावरून आता लोक चाकांच्या बॅगा खडखडत नेतात.

सोमवारी, गुरुवारी योलांडा येते.
पोरांच्या कंपासपेटीतला असावा तसा कोनमापक
तुझ्या मांडीला लावते.
पहिल्या दिवशी बासष्ट.
"सत्तर लिही ना," म्हणालास,
मासळीवालीशी घासाघीस करावी तसा.
तिने बासष्टच लिहिलं.
पुढच्या खेपेला चौसष्ट.
चार दिवस, दोन अंश.
घामाने तुझा सदरा पाठीला चिकटला होता
आणि मी स्वयंपाकघरात
विनाकारण नळ सोडून उभी होते.

रात्री तीनला तू जागा असतोस.
मी गोठलेल्या मटारची पिशवी आणते,
तीच ती, आता ते मटार कुणी खाणार नाही.
पिशवीखाली तुझा पाय गरम,
भट्टीतून आत्ता काढलेल्या पावासारखा.
तू बोलत नाहीस. खाटेच्या कडेवर
बोटांनी ठोकत राहतोस: टक्, टक्, थांबा, टक्.
मला तो ठेका ओळखू येतो.
दगड मांडतोयस तू.
मी मोजते, आणि लाट पुरी व्हायच्या आत
मलाच झोप लागते.

पाचव्या आठवड्यात जिना.
एकोणसाठ पायऱ्या, कठडा एकाच बाजूला.
चढताना चांगला पाय आधी,
उतरताना दुखरा.
दुसऱ्या मजल्यावर कुस्टोडियाने दार किलकिलं करून
खुर्ची सरकवली. तू बसला नाहीस.
मग बसलास.
बराच वेळ बसलास.
तिने सूप विचारलं, तिच्या मेलेल्या मांजराची गोष्ट सांगितली,
तुला चिडता आलं नाही,
कारण खुर्ची तिची होती.

खाली आलो तर नोव्हेंबर.
कोपऱ्यावर चेस्टनट भाजत होते,
धूर उताराने नदीकडे चाललेला.
तू धुराकडे पाहिलं नाहीस.
औषधाच्या दुकानासमोर एक दगड निघाला होता,
तिथे खळगा, खळग्यात सिगारेटचं थोटूक.
दगड शेजारीच, कुणीतरी पायाने लोटलेला.
तू काठीवर रेललास.
खाली वाकायचं म्हणजे नव्वदच्या पार जायचं.
आपण अजून एक्क्याऐंशीवर.

म्हणून मी टेकले. पहिल्यांदाच.
थोटूक काढलं, दगड ठेवला.
"उलटा."
फिरवला.
"अजून उलटाच."
पर्सने ठोकला. एक कोपरा वर राहिला, करंगळीच्या नखाएवढा.
पुन्हा काढायला गेले तर तू म्हणालास,
"राहू दे. दगड लगेच बसत नसतो.
लोक चालू देत. पाऊस पडू दे दोन-तीनदा."

हे तू स्वतःला सांगितलंस का,
मी विचारलं नाही.
उठताना माझा उजवा गुडघा वाजला, कट्.
तू चेस्टनटवाल्याकडे बघत राहिलास,
ऐकूच न आल्यासारखा,
आणि काठी डाव्या हातात घेऊन
उजवा हात माझ्यापुढे धरलास.